शून्यदादाची गोष्ट

माझ्या थोरल्या चुलतभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. पण लग्नकार्यात, पंगत उठल्यावर पानं चघळत चार लोक बसले की त्यातलं कुणीतरी हमखास हाक मारतं, "काय शून्यदादा!" दादा हसतो आणि विषय बदलतो. गेली चाळीस वर्षं हे चाललंय.

मागच्या डिसेंबरात घरातल्या एका लग्नात दादाच्या मुलीने विचारलं, "बाबांना शून्यदादा का म्हणतात?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हे नाव मी पाडलेलं. मग काय, तिखटमीठ लावून ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. सगळे पोट धरून हसले. दादा मठ्ठ्याचा जग घेऊन चालला होता, तो जाताजाता एवढंच म्हणाला, "अरे, शून्य नव्हता तो." हेही तो चाळीस वर्षं म्हणतोय. आणि त्यावर आम्ही आणखी हसतो, हेही चाळीस वर्षं.

आधी ती गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मे १९८५. मी नऊ वर्षांचा, दादा पंधराचा. आमचं सगळं खटलं चार दिवसांसाठी महाबळेश्वरला गेलं होतं. आजीने आम्हा मुलांना वेण्णा तलावाजवळ घोड्यावर बसायला आणि कणसं खायला पैसे दिले होते. दादाने पहिल्याच दिवशी बाजारात एक व्हिडिओ गेमचं पार्लर हेरलं. अरुंद, अंधारी जागा, आत पाच-सहा कपाटाएवढी यंत्रं. त्यातलं एक दादाला आवडलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेषांचे वेडेवाकडे दगड तरंगतायत आणि मधोमध एक टीचभर त्रिकोणी विमान. दगड फोडायचे, आपल्याला लागू द्यायचे नाहीत. बस.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझे घोड्याचे पैसेसुद्धा त्या यंत्रात गेले होते. माझी कामं दोन. नाणी मुठीत धरून ठेवायची आणि काका बाजारातून येताना दिसले तर सांगायचं. चौथ्या दिवशी दादा एका रुपयात कितीतरी वेळ खेळला. मागे सात-आठ पोरं जमली. वरच्या कोपऱ्यातला आकडा वाढत वाढत नव्याण्णव हजारांच्या पुढे गेला... आणि एकदम नाहीसा झाला. तिथे उरली नुसती दोन शून्यं. पोरं खो खो हसायला लागली. पार्लरवाला धावत आला, "मशीन बिघडवलंस!" म्हणून ओरडला आणि त्याने सरळ प्लग काढला.

रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "दादाचा शून्य आला!" त्याबरोबर पार्लरची भानगडही बाहेर आली. काकांनी दादाला जे झापलं ते त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी इतकंच म्हणाला, "शून्याच्या आधी नव्याण्णव हजार झाले होते." काका म्हणाले, "वर तोंड करून बोलतोस!" झालं. दादा शून्यदादा झाला.

तर त्या लग्नात पुतणीने विचारलं, "काका, गेम कुठला होता पण?" मी वर्णन केलं. तिने दोन मिनिटं फोनवर खुडबुड केली आणि चित्र समोर धरलं. "हाच का?" अगदी तोच. काळा पडदा, रेषांचे दगड, टीचभर त्रिकोण. खेळाचं नाव अ‍ॅस्टेरॉइड्स. घरी आल्यावर त्याबद्दल वाचायला बसलो ते पुढचे कित्येक दिवस वाचतच राहिलो. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. थोडं जगाच्या इतिहासासाठी, थोडं आमच्या घरच्या.

अ‍ॅस्टेरॉइड्स हा खेळ अमेरिकेतल्या अटारी कंपनीने नोव्हेंबर १९७९ मध्ये बाजारात आणला. करणारे दोघं, लाइल रेन्स आणि एड लॉग. सत्तर हजारांच्या आसपास यंत्रं खपली. त्याचा पडदा साध्या टीव्हीसारखा नव्हता. टीव्हीवर चित्र आडव्या ओळी भरत भरत तयार होतं. इथे इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेषाच काढतो, जशी पाटीवर पेन्सिल ओढावी. म्हणून ते दगड इतके रेखीव दिसत आणि झाडलेली गोळी ठिणगीसारखी चमके. आवाज नावाला. छातीत धडधडावं तसा एक ठोका, जो हळूहळू जलद होत जातो. एवढ्या सामग्रीवर लोकांनी झोप उडवून घेतली.

नियम कुणालाही पाच मिनिटांत समजतील. बटणं पाच. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे जा, गोळी झाडा आणि पाचवं म्हणजे ‘हायपरस्पेस’. ते दाबलं की विमान गायब होतं आणि पडद्यावर दुसरीकडे कुठेतरी उगवतं. कुठे, ते आपल्या हातात नाही, कधीकधी तर उगवताच फुटतं. मोठ्या दगडाला २० गुण. तो फुटून दोन मध्यम होतात, त्यांना ५० प्रत्येकी. मध्यमाचे दोन लहान, त्यांना १००. मधूनच उडती तबकडी येते. मोठी तबकडी मारली तर २००. लहान तबकडी मात्र १,००० गुणांची, आणि तिचा नेम चांगला असतो. दर १०,००० गुणांना एक विमान बक्षीस.

आता यातली गोम बघा. दगड फोडून मिळतात चिल्लर गुण आणि धोका प्रत्येक क्षणी. लहान तबकडीत एकदम हजार. म्हणून खेळाडूंनी एक युक्ती काढली. एक-दोन दगड सोडून बाकी सगळे फोडायचे, मग पडद्याच्या कडेला दबा धरून बसायचं आणि येईल ती तबकडी टिपायची. या खेळात पडद्याची डावी कड उजवीला जोडलेली असते, त्यामुळे कडेवरून झाडलेली गोळी पलीकडून निघते. तबकडीला ते जमत नव्हतं. अटारीच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी पुढच्या यंत्रांत तबकडीलाही कडेपलीकडून नेम धरायला शिकवलं. पण जुनी यंत्रं जिथे होती तिथे होतीच.

हे वाचताना मला दादाची ती चौथ्या दिवसाची बैठक आठवली. पोरं मागून ओरडत होती, "अरे तो दगड मार ना, समोर आहे!" आणि दादा मारत नव्हता. कोपऱ्यात नुसता थांबून होता. आम्हाला वाटलं, घाबरला. कुणीही न शिकवता, आजीच्या घोड्याच्या पैशांत, त्याला ती युक्ती सापडली होती.

आणि मग पुढच्याच परिच्छेदात ते वाक्य आलं. अ‍ॅस्टेरॉइड्सच्या पडद्यावर गुणांना जागा आहे फक्त पाच आकड्यांची. सगळे गुण दहाच्या पटीत, त्यामुळे जास्तीत जास्त ९९,९९०. त्याच्यापुढे गेलात की आकडा परत शून्यापासून सुरू होतो, जुन्या गाड्यांचं किलोमीटरचं मीटर फिरायचं तसा.

म्हणजे दादाने लाख ओलांडला होता.

मी खुर्चीत मागे टेकून बसलो. खरं तर मोठेपणी कधीही पाच मिनिटं डोकं चालवलं असतं तरी हे कळलं असतं. शून्याआधी नव्याण्णव हजार होते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घरातल्या विनोदाचा कुणी हिशेब तपासतं का? पार्लरवाल्याला वाटलं यंत्र बिघडलं, पोरांना वाटलं दादा हरला, आणि मी, जो एकटाच सुरुवातीपासून बघत होतो, तो घरी येऊन शून्य सांगून मोकळा झालो.

असो. त्यानंतर माझं वाचन वेगळ्या कारणाने पुढे गेलं. मला प्रश्न पडला, ज्या यंत्राला लाखाचा आकडाच लिहिता येत नाही, त्यावर लोक विक्रम कसे करत असतील? आणि ते मोजत कोण असेल?

यंत्राच्या स्मरणशक्तीबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. सर्वात जास्त गुण पडद्यावर दाखवत राहायची पद्धत १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समुळे रुळली होती, पण तिथे नुसता आकडा होता, नाव नाही. अ‍ॅस्टेरॉइड्सने खेळाडूला आपल्या नावाची तीन अक्षरं टाकू दिली. कल्पना अगदीच पहिली नव्हती, पण घरोघर पोचवली ती या खेळाने. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर आपली तीन अक्षरं सगळ्यात वर असणं ही गल्लीतली केवढी मोठी गोष्ट असेल! पण गंमत अशी की वीज गेली की ती यादी पुसली जाई. रात्री दुकान बंद करताना मालकाने बटण बंद केलं की सगळे राजे खालसा.

म्हणजे ती कीर्ती एका दिवसाची. ती टिकवायची तर यंत्राबाहेर कुणीतरी वही घेऊन बसायला हवं. तसा एक माणूस निघाला. त्याचं नाव वॉल्टर डे.

१९८१ च्या उन्हाळ्यात या माणसाने चार महिने भटकून शंभरावर पार्लरं पालथी घातली आणि कुठल्या यंत्रावर किती गुण लागलेत ते टिपून घेतलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्याने आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या लहानशा गावी स्वतःचं पार्लर काढलं, ट्विन गॅलक्सीज नावाचं. ९ फेब्रुवारी १९८२ पासून त्याने देशभरच्या विक्रमांची नोंदवही उघडली. लोक आपापल्या गावातून फोन करायचे, हा टिपायचा आणि खातरजमा करायचा. हा सद्गृहस्थ महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा साधक. ऑटम्वापासून जवळच्या फेअरफील्डला महर्षींचं विद्यापीठ आहे. पोरांच्या गोळीबाराचे आकडे वहीत उतरवणारा माणूस सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून ध्यानाला बसत असे, हे मला फार आवडलं :)

ते दिवसही तसेच होते. १८ जानेवारी १९८२ चा ‘टाइम’ साप्ताहिकाचा अंक व्हिडिओ गेमवर होता. त्यात इलिनॉयमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकिकत होती, ज्याने डिफेंडर या खेळात सोळा तासांहून जास्त वेळ उभं राहून १,५९,६३,१०० गुण केले होते. ते वाचून गावोगावची पंधरा वर्षांची पोरं यंत्रांसमोर उभी राहिली.

त्यातलाच एक स्कॉट सॅफ्रन. न्यू जर्सीतल्या चेरी हिलचा, तोही पंधराच वर्षांचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउन इथल्या एका बिलियर्ड्सच्या जागेत तो अ‍ॅस्टेरॉइड्सच्या यंत्रासमोर उभा राहिला. एकाच नाण्यावर तो दोन दिवसांहून जास्त वेळ खेळत राहिला. १३ नोव्हेंबर १९८२ या तारखेने त्याचा विक्रम नोंदला गेला. ४,१३,३६,४४० गुण. अक्षरी चार कोटी तेरा लाख छत्तीस हजार चारशे चाळीस.

जरा हिशेब करून बघू या. यंत्राचा आकडा दर लाखाला शून्यावर येतो. म्हणजे सॅफ्रनच्या पडद्यावर तो चारशे तेरा वेळा शून्य झाला असणार! आणि खेळ संपला तेव्हा यंत्राच्या लेखी त्याचे गुण होते फक्त ३६,४४०. कुणी तेवढ्यात दारातून आत आलं असतं तर म्हणालं असतं, हं, बरा खेळतो मुलगा. बाकीचे चार कोटी तेरा लाख यंत्रात नव्हतेच. ते शेजारी बसून मोजणाऱ्या माणसांकडे होते. दर शून्याला एक रेघ, दर शून्याला एक रेघ... झोप आवरत.

आता तुम्ही विचाराल, इतका वेळ खेळायचं तर जेवणाखाणाचं काय, बाकीच्या विधींचं काय? यंत्राला ‘जरा थांब’ म्हणायची सोय नाही. त्यावर उपाय म्हणजे विमानांची गंगाजळी. दर दहा हजारांना एक विमान मिळतं, ती साठवायची. मग पन्नास-पाऊणशे विमानं हाताशी असली की यंत्र तसंच सोडून पळायचं. आपण नसताना विमानं एकेक करून दगडांवर आपटून मरत राहतात. ती संपायच्या आत परत यायचं. म्हणजे प्रत्येक घासाला आणि प्रत्येक डुलकीला किंमत विमानांची. बरं, फार साठवूनही चालत नाही. ही सगळी विमानं यंत्र पडद्यावर ओळीने काढत बसतं, त्यामुळे साठा पन्नास-शंभराच्या पुढे गेला की खेळ मंदावतो, आणि अडीचशेच्या पुढे गेला तर हातचा डावच जाऊ शकतो. कमी साठवली तर भूक, जास्त साठवली तर नाश. आमची आजी घरखर्चाबद्दल साधारण हेच सांगायची.

सॅफ्रनचा विक्रम झाला आणि दीड-दोन वर्षांत ती दुनियाच बसली. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. मार्च १९८४ मध्ये ऑटम्वाचं पार्लरही बंद झालं. यंत्रं भंगारात गेली, पोरं मोठी झाली आणि कामाधंद्याला लागली. वॉल्टर डे यांनी वही मात्र सोडली नाही. वर्षं लोटली तरी त्यात अ‍ॅस्टेरॉइड्ससमोर तेच नाव राहिलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्या खेळांची लोकांना पुन्हा आठवण यायला लागली. मेळावे भरू लागले, विक्रमवीरांचे सत्कार होऊ लागले. डे यांना सॅफ्रनचा सत्कार करायचा होता. पण तो कुठे सापडेना. शोधाशोध झाली, कित्येक वर्षं चालली. अखेर २००२ मध्ये त्याच्या कुटुंबाचा पत्ता लागला आणि उत्तर मिळालं. स्कॉट सॅफ्रन १९८९ मध्येच गेला होता. आपल्या मांजराला वाचवायला गेला आणि उंचावरून पडला. विशीत नुकतं पाऊल टाकलेलं पोर.

म्हणजे तेरा वर्षं तो नव्हता आणि वहीत त्याचं नाव पहिलं होतं. एप्रिल २००२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मेळाव्यात त्याचा सन्मान त्याच्या घरच्यांच्या हाती देण्यात आला. त्या घरच्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसलो होतो. गेलेल्या मुलाचं एखादं जुनं कपाट उघडावं आणि आत त्याच्या हातचं काही निघावं... आपल्याला वाटलं होतं हे आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात नसेल. आणि इथे एक अनोळखी माणूस वीस वर्षं ते जपून बसलाय, वर आपल्याला शोधतोय.

विक्रम आणखी आठ वर्षं टिकला. एप्रिल २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या जॉन मॅकअ‍ॅलिस्टर यांनी तो मोडायचं ठरवलं. वय एक्केचाळीस. पोर्टलंडला एका मित्राच्या घरी यंत्र होतं, तिथे त्यांनी बैठक मारली. या वेळी वहीच्या जोडीला इंटरनेट होतं. सगळा खेळ थेट दाखवला जात होता आणि कुठले कुठले लोक रात्र रात्र तो बघत होते. सुमारे ५८ तास. मी गणित केलं, मिनिटाला जवळजवळ बारा हजार गुण पडतात. म्हणजे दर पाच सेकंदांना एक लहान तबकडी, अडीच दिवस! ५ एप्रिलच्या रात्री आकडा झाला ४,१३,३८,७४०.

सॅफ्रनपेक्षा २,३०० जास्त. फक्त. दोन लहान तबकड्या आणि वर थोडे दगड. चार कोटींच्या डोंगरावर ठेवलेला एक खडा. साडेसत्तावीस वर्षांनी आणि अठ्ठावन्न तासांनी फरक काय, तर दहा-बारा सेकंदांचा खेळ. त्यात मला मॅकअ‍ॅलिस्टर यांच्याबद्दल जितका आदर वाटला तितकाच त्या पंधरा वर्षांच्या पोराबद्दलही. एक्केचाळीस वर्षांचा तयारीचा माणूस, आणि त्याला त्या मुलाच्या खांद्यावर कसंबसं चढता आलं.

आपल्याकडची एक गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा केल्या. त्याने मागे टाकलेला विक्रम होता १८९९ चा. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या नाबाद ६२८ धावा. कॉलिन्स १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. तोही विक्रम मोडला तेव्हा बघायला नव्हता. एकशे सोळा वर्षं ते ६२८ कुणाच्या भरवशावर टिकले? एका गुणलेखकाच्या वहीच्या. आणि मजा म्हणजे त्या गुणलेखकाला स्वतःलाच आकड्याची शंभर टक्के खात्री नव्हती, वीसेक धावा इकडच्या तिकडे असतील, असं सांगतात.

वह्या चुकतातही, हे मान्य करायला हवं. ट्विन गॅलक्सीजच्याच वहीत ड्रॅगस्टर या गाड्यांच्या खेळातली १९८२ मधली ५.५१ सेकंदांची वेळ विक्रम म्हणून लिहिलेली होती. पुढे लोकांनी त्या खेळाचा प्रोग्रॅम उकलून पाहिला, तर यंत्राकडून ५.५७ च्या खाली वेळ निघूच शकत नाही असं दिसलं. जानेवारी २०१८ मध्ये तो विक्रम रद्द झाला. पस्तीस वर्षं एक आकडा केवळ कुणी तपासला नाही म्हणून खरा होता.

आणि आमच्या घरात एक आकडा केवळ कुणी तपासला नाही म्हणून खोटा होता.

सगळं वाचून झाल्यावर मी दादाला फोन केला. इकडचंतिकडचं बोलून झालं. मग म्हटलं, "दादा, त्या यंत्रात पाचच आकडे मावायचे. लाख झाले की शून्य यायचा. तू लाख केले होतेस."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "माहीत आहे की."

"माहीत होतं? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. अरे, शून्य झाल्यावर वर एक विमान मिळालं होतं. हरणाऱ्याला कुणी विमान देतं का? मला वाटलं, तू बघितलंयस, तू सांगशील."

चाळीस वर्षांत हे वाक्य तो एकदाही बोलला नव्हता. मला काय उत्तर द्यावं सुचेना. नऊ वर्षांचा होतो, कळत नव्हतं, वगैरे सगळं खरंच आहे. पण पुढची एकतीस-बत्तीस वर्षं तरी कळत होतं ना? तेव्हाही मी प्रत्येक लग्नात तीच गोष्ट रंगवून सांगत होतो, कारण ती रंगत होती.

मी विचारलं, "प्लग काढला नसता तर किती केले असतेस रे?"

"सोड," तो म्हणाला. "विमानं होती अजून तीन. पण तुझ्या मुठीत नाणं नव्हतं उरलेलं, आणि बाबा येतच होते. तूच सांगितलंस, आले म्हणून."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे चार दिवसांत मला सोपवलेली दोन्ही कामं मी चोख केली होती. फक्त जे काम कुणी सांगितलं नव्हतं, ते राहून गेलं.

तर आमच्या नातेवाइकांपैकी जे जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी. मे १९८५ मध्ये महाबळेश्वरच्या बाजारात, एका रुपयाच्या नाण्यावर, दादाने अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये एक लाख गुण ओलांडले. पुढे किती झाले असते ते सांगता येत नाही, कारण यंत्र बंद केलं गेलं. मी शेजारी उभा होतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं.

हे सांगायला उशीर झाला. पुढच्या महिन्यात बारसं आहे, तिथे सगळे भेटूच. टोपणनाव बदला असं मी म्हणत नाही, आता ते चिकटलंय आणि दादालाही त्याची सवय झालीय. पण कुठल्या पोराने विचारलं, का म्हणतात म्हणून, तर या वेळी गोष्ट नीट सांगायची.